नुसत्या फोटोंतून लघुपट कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका छायाचित्रकाराने वीसेक वर्षं ऊसतोड कामगारांचे फोटो काढले आहेत, आधी काळ्या-पांढऱ्या फिल्मवर, नंतर डिजिटलवर. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडण्यापासून पट्टा पडून (हंगाम संपून) परत येण्यापर्यंतचं सगळं त्यात आहे, पण व्हिडिओ एकही नाही. यातून दहा मिनिटांचा प्रयोगशील लघुपट करायचा आहे आणि तो लग्नाच्या अल्बमच्या व्हिडिओसारखा दिसू नये. सुरुवात कुठून करावी?

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक गोष्ट ठरवा: या फिल्ममध्ये वेळ कुठून येणार? व्हिडिओत तो आपोआप येतो. फोटोत तो सेकंदाच्या १२५व्या भागावर थांबलेला असतो, बाकीचा सगळा वेळ तुम्हाला बाहेरून आणावा लागतो. फोटो पडद्यावर किती थांबतो, दोन फोटोंच्या मध्ये किती काळ गेला असं पाहणाऱ्याला वाटतं आणि त्या वेळी काय ऐकू येतं, या तीन गोष्टींनी तो तयार होतो. फोटोवर झूम किंवा पॅन करणं या तिघांच्या बरंच मागे येतं. अल्बमचा व्हिडिओ अल्बमसारखा दिसतो, कारण त्यात प्रत्येक फोटो चार सेकंद, प्रत्येकावर झूम आणि खाली एक सलग गाणं असतं. वेळ सगळीकडे सारखाच, म्हणून काही घडतच नाही.

हा प्रकार जुना आहे. क्रिस मार्कर यांनी १९६२ साली 'ला जेते' हा सुमारे २८ मिनिटांचा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर फोटोंवर केला. त्यात एका स्त्रीचे डोळे उघडतात तेवढाच तुकडा हलता आहे, आणि आजूबाजूचं सगळं स्थिर असल्यामुळेच तो अंगावर येतो. आपल्याकडे पैठण शैलीची चित्रं घेऊन चित्रकथी हेच करत आले. एक चित्र समोर धरायचं, त्यावर कथा आणि गाणं चालवायचं, तेवढं सांगून झालं की पुढचं चित्र. चित्र किती वेळ राहणार हे सांगणं ठरवत असे. तुम्हीही तिथूनच सुरू करा.

त्यानंतर फिल्मला एक नियम लावा आणि तो एका वाक्यात कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. उदाहरणार्थ, पहिली पाच मिनिटं एकही चेहरा दिसणार नाही, फक्त हात, पाठी, कोयते, मोळ्या. किंवा हंगाम उलटा चालेल: परतीपासून गाव सोडण्याकडे. किंवा दहा मिनिटं एकाच फडातली (तोड चालू असलेल्या उसाच्या शेतातली) एकच सकाळ. नियम कोणताही चालेल, पण तो फोटोंतून निघालेला हवा. नियम नसला की प्रयोगशीलतेच्या नावाखाली कृत्रिम ओरखडे, प्रकाशाची गळती आणि तयार ट्रान्झिशन येऊन बसतात.

आता निवड. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. सरासरी पाच सेकंद धरली तर १२० फोटो. ही सरासरी फक्त अंदाजापुरती. एखादा फोटो २५ सेकंद थांबेल आणि दुसरीकडे दहा सेकंदांत ४० फोटो जातील. पहिल्या चाळणीत चारेकशे ठेवा. त्यांच्या छोट्या प्रती साध्या कागदावर काढा, ए-४ वर आठ. कापा, मागे रोल आणि फ्रेमचा क्रमांक लिहा आणि जमिनीवर मांडा. हे काम स्क्रीनवर होत नाही, कारण स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो नीट दिसतो आणि तुम्हाला पाहायचं आहे ते दोन फोटोंच्या मधलं.

इथे छायाचित्रकाराची स्वतःची नजर आड येते. तो आपले उत्तम फोटो निवडतो. उत्तम फोटो स्वतःतच पूर्ण असतो, म्हणून त्याच्यापाशी फिल्म थांबते. असे सलग दहा आले की प्रदर्शन होतं. फिल्मला लागतात ते त्याच रोलवरचे बाजूला टाकलेले फोटो: कोपी (कामगारांची झोपडी) अर्धी उभी असताना, मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) फ्रेमबाहेर चालला असताना, टायरगाडी निघून गेल्यावरचा रिकामा रस्ता, पाचटाचा (उसाच्या वाळल्या पानांचा) ढीग. एका ताकदीच्या फोटोमागे असे चार-पाच जोडफोटो लागतील असं धरा. त्यासाठी ३६ फ्रेमची पट्टी सलग पाहा. छायाचित्रकार कुठे थांबला, कुठे जवळ गेला, कुठे पुन्हा मागे आला हे पट्टीवर क्रमाने उमटलेलं असतं आणि बहुतेक वेळा तोच एखाद्या प्रसंगाचा तयार कट असतो. रोलच्या सुरुवातीची प्रकाशाने जळालेली अर्धी फ्रेमसुद्धा जपून ठेवा. खरी जळालेली फ्रेम हाताशी असताना नकली कशाला हवी?

एखादी व्यक्ती किंवा वस्तू परत परत येईल असंही पाहा. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात विश्वंतर जातकातला राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याच्या मागे मागे आपली नजर कथा जोडत जाते. तुमच्याकडे एखादी बाई असेल, एखादं लेकरू असेल, नाहीतर एखादी हिरवी पत्र्याची पेटी. तीन ठिकाणी ती दिसली की मधल्या वर्षांचा हिशेब पाहणारा स्वतः लावतो.

स्कॅनिंगवर घाई केली तर पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत मोजावी लागते. ३५ मिमी निगेटिव्हची फ्रेम ३६ बाय २४ मिमी असते. ३२०० डीपीआयने (इंचाला ३२०० बिंदू) स्कॅन केली तर साधारण ४५३५ बाय ३०२४ पिक्सेल मिळतात, २४०० ने ३४०२ बाय २२६८. पण साध्या फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर लिहिलेलं डीपीआय आणि प्रत्यक्ष मिळणारा तपशील यांत मोठी तफावत असते. फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. तुमच्याकडे डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा असेल तर १:१ मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून खऱ्या मापात टिपणाऱ्या) निगेटिव्हचा फोटो काढणं बहुतेक वेळा जास्त चांगलं. लेन्स एफ-८ वर, आयएसओ १००, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर. खाली सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९५ च्या वरचं एलईडी पॅनल ठेवा आणि निगेटिव्ह त्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा, म्हणजे पॅनलवरची धूळ आणि पोत दिसणार नाही. खाली मोबाइलचा स्क्रीन वापरला तर त्याचे पिक्सेल फोटोत येतात. निगेटिव्हभोवतीचा उजेड काळ्या कागदाने झाका, नाहीतर काळ्या भागांवर धुरकट पडदा येतो.

कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे निगेटिव्हच्या जागी लहान आरसा ठेवणं. व्ह्यूमध्ये लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. फोकस चित्रावर करू नका, ग्रेनवर (फिल्मच्या दाण्यांवर) करा, आणि तोही स्क्रीनवर मोठं करून. एका रोलच्या सगळ्या फ्रेम एकाच एक्स्पोजरने घ्या. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा प्रत्येक फ्रेम सरासरीला आणतो आणि पहाटेचा अंधार दुपारइतका उजळ होतो.

डावं-उजवं उलटं स्कॅन झालेलं सहज लक्षात येत नाही. फलक असेल तर अक्षरं सांगतात. फलक नसेल तर एसटीचं दार पाहा, ते डाव्या बाजूला हवं. नाहीतर सदऱ्याच्या गुंड्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे पट्टीच्या कडेचे फ्रेम क्रमांक.

धुळीसाठी स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड स्वच्छता असते. ती रंगीत निगेटिव्हवर छान चालते, पण काळ्या-पांढऱ्या चांदीच्या फिल्मवर वापरू नका. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून पुसतं. धूळ रबरी ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे कण बसतात. फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि पंखा बंद ठेवा. मे महिन्यात मराठवाड्यात पंखा बंद ठेवणं हाल करणारं असतं, म्हणून हे काम पहाटे उरका. पावसाळ्यात बुरशी लागलेली निगेटिव्हं पाण्याने धुऊ नका. बुरशीमुळे जिलेटिन (फिल्मवरचा चित्राचा थर) पाण्यात विरघळू लागतं आणि चित्रच वाहून जातं. आधी आहे तशी स्कॅन करा, मगच फिल्म क्लीनरने किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने एका निरुपयोगी फ्रेमवर चाचणी घ्या. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. छापील फोटोला ६०० डीपीआय पुरे. ४ बाय ६ इंचाचा फोटो त्यात २४०० बाय ३६०० होतो, त्यापुढे कागदाचा पोतच मोठा दिसू लागतो. व्हॉट्सअॅपवर कुणी फोटो पाठवत असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो आकसून येतो.

आता मापं. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. हा ३:२ आकार १६:९ मध्ये भरायचा तर ६००० बाय ३३७५ उरतं, म्हणजे उंचीचा जवळजवळ सहावा भाग जातो. ज्या छायाचित्रकाराने आयुष्यभर पूर्ण फ्रेम विचारपूर्वक भरली, त्याच्या फोटोतून सहावा भाग कापणं मला मान्य नाही. फोटो पूर्ण दाखवा. १०८० च्या उंचीत तो १६२० रुंद बसतो आणि दोन्ही बाजूंना १५० पिक्सेलचा काळा पट्टा येतो. अंधाऱ्या सभागृहात तो कुणाला दिसत नाही. त्या पट्ट्यांत त्याच फोटोची धूसर मोठी प्रत भरण्याची टीव्हीची पद्धत मात्र टाळा. उभा फोटो याच हिशेबाने ७२० रुंद बसतो. मधोमध अरुंद उभी चौकट आणि दोन्हीकडे काळोख, हा आकारही तुम्हाला वापरता येतो. एचडी टाइमलाइनवर (संपादनात फोटो क्रमाने मांडतात ती पट्टी) ६००० रुंदीचा फोटो तीन पटीपर्यंत जवळ आणता येतो, ४के वर दीड पटच. त्यामुळे फिल्मवरचे जुने फोटो जास्त असतील तर २के किंवा एचडी टाइमलाइन पुरेशी आहे.

प्रोजेक्ट लावताना तीन गोष्टी हमखास अडतात. दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सलग क्रमांकांचे फोटो आणले की ते एकत्र करून एकच क्लिप बनते, कारण सॉफ्टवेअरला ती इमेज सिक्वेन्स (एकाच हालचालीची सलग चित्रं) वाटते. मीडिया विंडोच्या मेनूत फ्रेम डिस्प्ले मोड इंडिव्हिज्युअल करा. प्रीमिअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्केल टू फ्रेम साइज' निवडलंत तर फोटो आधी लहान होतो आणि मग तुम्ही झूम करता तेव्हा तो मऊ दिसतो. 'सेट टू फ्रेम साइज' वापरा. आणि १६ बिट टिफ थेट टाइमलाइनवर टाकू नका. २४ मेगापिक्सेलची एक फाइल १४४ एमबी होते, दीडशे फाइली म्हणजे २१ जीबीच्या वर, आणि साध्या ग्राफिक कार्डची मेमरी भरते. संपादनासाठी त्याच नावाने लहान जेपेग बनवा आणि शेवटी मूळ फाइली जोडा. रंगीत फोटो अॅडोब आरजीबीत असतील तर आधी एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत आणा, नाहीतर ते टाइमलाइनवर फिकट दिसतात.

संपादनात सगळ्यात जास्त वेळ जावा तो फोटो किती थांबतो यावर. एक चेहरा, एक हात, साधी पार्श्वभूमी असेल तर अडीच-तीन सेकंदांत वाचून होतं. २४ फ्रेमच्या वेगाने ते ६० ते ७२ फ्रेम. कारखान्याच्या गेटवर गाड्यांची रांग, त्यात माणसं, बैल, फलक असे फोटो सहा-सात सेकंद मागतात. खरा प्रयोग सुरू होतो तो वाचून झाल्यानंतर. डोळ्याने फोटो संपवला तरी तो पडद्यावर राहिला तर दहाव्या सेकंदाच्या आसपास अस्वस्थता येते आणि पंधराव्याला पाहणारा पुन्हा शोधू लागतो: मागे चुलीजवळ कुणी आहे का, त्या बाईच्या पायात काय आहे? हा दुसऱ्यांदा पाहण्याचा क्षण फोटोंच्या फिल्मलाच साधतो. पूर्ण फिल्ममध्ये तो दोन-तीनदाच वापरा आणि तेव्हा आवाज जवळजवळ काढून घ्या.

उलट बाजूला, सलग काढलेल्या फ्रेम. कोयता वर, कोयता खाली, ऊस पडला, वाढं (उसाचा शेंडा) छाटलं. असे सहा-आठ फोटो प्रत्येकी चार फ्रेम ठेवले तर सेकंदाला सहा चित्रं पडतात. हालचाल दिसते पण तुटक, आणि ते तुटणंच इथे कामाचं आहे, कारण ऊस तोडण्याचं काम तसंच ठोक्याठोक्याने चालतं. तीन ते बारा फ्रेमच्या मध्ये फोटो दिसतो, वाचता येत नाही. दोन फ्रेमच्या खाली शक्यतो जाऊ नका. उजेड आणि अंधार सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखला तर फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार असलेल्या प्रेक्षकाला झटका येऊ शकतो. पांढऱ्या-काळ्या फ्रेमची झटपट अदलाबदल टाळा, करायचीच असेल तर सुरुवातीला ठळक सूचना द्या. हातात धरून काढलेल्या सलग फोटोंत सगळी चौकट उड्या मारते. एखादा बिंदू, समजा गाडीचा आस किंवा माणसाचा डोळा, सगळ्या फोटोंत एकाच जागी आणा. मग भोवतालचं जग हलतं आणि तेवढा बिंदू स्थिर राहतो.

कट कुठे पडतो यासाठी नजर कुठे आहे ते पाहा. पहिल्या फोटोत नजर उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या चेहऱ्यावर असेल तर पुढच्या फोटोत महत्त्वाची गोष्ट तिथेच हवी. मुद्दाम धक्का द्यायचा असेल तर विरुद्ध कोपऱ्यात. डिझॉल्व्हचा (एक फोटो दुसऱ्यात विरघळण्याचा) अर्थ काळ गेला असा घेतला जातो, म्हणून एक हंगाम दुसऱ्यात मिसळतो तिथेच तो ठेवा, ३६ ते ७२ फ्रेमचा. प्रत्येक दोन फोटोंमध्ये एक सेकंदाचा डिझॉल्व्ह टाकला की अर्थच उरत नाही. काळी फ्रेम फार उपयोगी आहे: आठ-दहा फ्रेम म्हणजे पापणी लवल्याइतकी, दोन-तीन सेकंद म्हणजे प्रसंग संपला, आणि त्याहून लांब असेल तर फक्त आवाजाचा प्रसंग.

फोटोत हालचाल द्यायचीच असेल तर तिला कारण हवं. उभ्या फोटोत वरपासून खालपर्यंत येणं, म्हणजे आधी डोक्यावरची मोळी आणि शेवटी लेकराचे अनवाणी पाय, याला कारण आहे. सगळ्यांवर हळूहळू झूम याला नाही. पॅन करताना एखादी गोष्ट पडद्याच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जायला निदान सात सेकंद लागावीत, नाहीतर २४ फ्रेमवर ती थरथरते. फार हळू गेलात तर उलटी अडचण येते: १०० वरून १०६ टक्क्यांचा झूम सहा सेकंदांत केला तर कडेचा पिक्सेल एका फ्रेमला अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी सरकतो. सॉफ्टवेअर पूर्ण पिक्सेलवर गोल करत असेल तर चित्र किडा चालल्यासारखं वळवळतं. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरच्या झूमपॅनमध्ये हा दोष ठळक दिसतो. आधी चित्र ८००० पिक्सेलपर्यंत मोठं करून मग झूम लावला तर तो जवळजवळ जातो. झूम एकसारखा वाटत नाही याचंही कारण साधं आहे. १०० ते २०० टक्के दहा सेकंदांत सरळ रेषेत वाढवलं तर पहिल्या सेकंदात चित्र दहा टक्क्यांनी मोठं होतं आणि शेवटच्या सेकंदात जेमतेम सव्वापाच टक्क्यांनी, म्हणून झूम मंदावतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये एक्स्पोनेन्शिअल स्केल वापरा किंवा मधे एक-दोन की-फ्रेम (त्या क्षणी माप किती हे ठरवणारे बिंदू) टाकून वक्र दुरुस्त करा. पत्रे, लुगड्याची बारीक वीण, विटांची भिंत झूममध्ये झिलमिलतात. अर्ध्या पिक्सेलचा ब्लर पुरतो. माणसं कापून वेगळ्या थरावर ठेवायची आणि मागची जागा रंगवून खोली आणायची हा प्रकार मी सुचवणार नाही. केसांच्या कडा उघड्या पडतात, आणि फोटोत नसलेली जागा तुम्ही बनवलेली असते. ऊसतोड मजुरांच्या नोंदीवर असं बनवलेलं काही नको.

झूमऐवजी हे करून पाहा: एकाच फोटोचे तीन तुकडे, स्थिर कटने. आधी फक्त कोयत्याची मूठ, मग मनगटावरच्या बांगड्या, मग पूर्ण फोटो, ज्यात ती बाई गरोदर आहे हे दिसतं. मोठ्या चौकटीकडे जाताना कळतं ते झूमने कळण्यापेक्षा कितीतरी पटीने लागतं.

आवाजाकडे आता या, आणि त्याला चित्राइतकाच वेळ द्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी. माइकवर केसाळ वाऱ्याची टोपी हवीच. उघड्या माळावर फोमची टोपी काहीच अडवत नाही. प्रत्येक जागेचा निव्वळ भोवताल तीन मिनिटं सलग घ्या, बोलू नका, हलू नका. मग सुटे आवाज: कोयत्याचा घाव जवळून आणि २० फुटांवरून, मोळी आवळताना, टायरगाडीच्या बैलांच्या घुंगरमाळा, पाचटावर चालणं, कारखान्याचा भोंगा, कोपीतली चूल. जुन्या फोटोंखाली आजचा भोवताल घालताना कान लावून ऐका. मागे मोबाइलची रिंगटोन किंवा डीजे असेल तर १९९८ चा फोटो त्या क्षणी खोटा पडतो.

नळाच्या फोटोवर नळाचा आवाज, बैलाच्या फोटोवर घुंगरू असं दर वेळी जुळवलं की श्रुतिका ऐकल्यासारखं होतं. आवाज कटच्या सेकंदभर आधी येऊ द्या किंवा पुढच्या फोटोवर रेंगाळू द्या. काही वेळा चित्राशी न जुळणारा ठेवा: रिकाम्या गावातल्या कुलूपबंद घराच्या फोटोखाली फडावरचा कोयता. दोन जागांमधलं अंतर आणि त्यांचा संबंध तेवढ्यात कळतो. पार्श्वसंगीत न वापरण्याचा पर्याय आधी करून पाहा. कामगार बायकांची ओवी किंवा कोपीतलं भजन तुमच्याकडे असेल तर ते पूर्ण, न कापता, एकदाच.

निवेदन लागेल असं वाटत असेल तर दहा मिनिटांना ४०० शब्दांच्या वर जाऊ नका. मराठी निवेदन मिनिटाला साधारण १२० शब्दांनी चालतं, म्हणजे दोन-तृतीयांश फिल्म मोकळी राहते. फोटोत दिसतं ते निवेदनात सांगू नका; उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे फोटो सांगू शकत नाही, ते सांगा. आवाज त्यांच्यातल्याच कुणाचा असेल तर बोली जशी आहे तशी ठेवा. लिहिलेला मजकूर वाचून घेऊ नका, त्यांच्यासमोर फोटो ठेवा आणि बोलू द्या. जे बोलतील त्यातलंच कापून निवेदन बनवा.

अक्षरांचा त्रास मराठीत जास्त होतो. प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या पसंतींत 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा पर्याय निवडला नाही तर वेलांटी चुकीच्या जागी बसते आणि जोडाक्षरं फुटतात. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये निरर्थक अक्षरं दाखवतो. सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप करा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. शीर्षकं इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बनवून पारदर्शक पीएनजी म्हणून आणली की हा प्रश्नच संपतो.

रंग-छटा जुळवताना वेगवेगळ्या काळातले फोटो एकसारखे करण्याचा अट्टहास नको. काळा बिंदू (फोटोतला सगळ्यात गडद काळा) तेवढा जुळवा, म्हणजे कट पडताना पडदा एकदम उजळ-अंधार होत नाही. डिजिटल फोटो काळे-पांढरे करून फिल्मसारखे दाखवू नका. माध्यम बदललं तेव्हा फडही बदलला, ट्रॅक्टर आले, आणि तो बदल दिसायला हवा. ग्रेन पुसू नका. काळ्या आकाशात पट्टे पडत असतील तर १० बिटमध्ये एक्स्पोर्ट करा आणि अगदी हलका हलता ग्रेन द्या.

हक्कांचं आधी पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हा त्याचा कर्ता, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्काची मुदत त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं आहे. पण कुणी पैसे देऊन स्वतःसाठी काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. त्यामुळे स्टुडिओतल्या कुटुंबांच्या फोटोंची निगेटिव्हं छायाचित्रकाराकडे असली तरी वापरायची परवानगी त्या कुटुंबाची लागते. कामगारांचे जवळचे चेहरे, विशेषतः लेकरांचे, वापरण्याआधी त्यांना शोधा, फिल्ममधली ती जागा त्यांना दाखवा आणि विचारा. मुकादमामार्फत विचारू नका, त्याच्यासमोर कुणी नाही म्हणू शकत नाही. आणि नोंद झालेल्या घटनांचे फोटो, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे किंवा २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हाचे, दुसऱ्या प्रसंगात मिसळू नका. क्रम उलटा करा, तारीख खोटी करू नका.

शेवटी मूळ प्रत प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये काढा आणि त्यावरूनच बाकीच्या प्रती. टाइमलाइन बरोबर २४ फ्रेमची हवी, २३.९७६ वर केली तर डीसीपी (सिनेमागृहात दाखवायची डिजिटल प्रत) बनवताना आवाजाचा वेग बदलावा लागतो. डीसीपी घरी बनवायला डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. डीसीपीत फ्लॅटची (कमी रुंद) चौकट १९९८ बाय १०८०, स्कोपची (जास्त रुंद) २०४८ बाय ८५८, आणि ३:२ फोटोंना फ्लॅटच घ्या. निवेदन फक्त डाव्या-उजव्या चॅनेलवर असेल तर कडेला बसलेल्याला ते जवळच्या स्पीकरमधून येतं, ५.१ (सहा चॅनेलचा आवाज) बनवून निवेदन मधल्या चॅनेलवर ठेवा. यूट्यूबसाठी वेगळी प्रत, लाउडनेस (आवाज सरासरी किती मोठा वाटतो ते) उणे १४ एलयूएफएस या एककाच्या आसपास. रेंडरला संगणक यूपीएसवर ठेवा. लाइट गेली तर अर्धवट फाइल उघडत नाही. प्रत तयार झाल्यावर ती खऱ्या सभागृहात, निदान प्रोजेक्टरवर दहा फुटांच्या पडद्यावर, एकदा पूर्ण पाहा आणि हातात वही ठेवा. लॅपटॉपवर तीन सेकंदांत वाचून झालेला फोटो मोठ्या पडद्यावर चार-साडेचार मागतो, कारण डोळ्याला जास्त अंतर फिरावं लागतं. त्यामुळे टाइमलाइनवर निदान २० टक्के फोटोंची लांबी इथे पुन्हा बदलावी लागेल हे धरूनच तारीख ठरवा, आणि आवाजाचं अंतिम मिक्सिंग त्यानंतरच करा.